निशाणाकडचा हात

माझं बोलणं ऐकताना आमच्या गावातले लोक आधी त्यातलं निम्मं काढून टाकतात, मग उरलेलं पाखडतात आणि सुपात जे राहतं तेवढं खरं धरतात. त्यात त्यांची चूक नाही. बेंबळीच्या बाजारातनं मी लहानपणी वांगी आणली, तर घरी येईपर्यंत माझ्या तोंडात त्यांचे भोपळे झालेले असायचे. या प्रकरणात मात्र मी जिथं वाढवीन तिथं स्वतःच सांगेन, की बाबा, इथं वाढवलं. कारण माझ्या आयुष्यात एकच गोष्ट अशी घडली जी वाढवायची काही गरज नव्हती, आणि नेमकी तीच मी वाढवली. फार नाही. एका हाताएवढी.

आमचं घर आणि गोदाकाकूंचं घर यांच्यात एकच भिंत. तिच्यात चुलीच्या उंचीला ताटलीएवढी एक आरपार देवळी होती. तिच्यातनं इकडचा विस्तव तिकडं जायचा, तिकडचं भाकरीबरोबरचं कोरड्यास इकडं यायचं, आणि दोन्हीकडची भांडणं घरबसल्या ऐकायला मिळायची. काकू पहाटे लोखंडी फुंकणीनं चूल पेटवायच्या. ती फूऽऽ फूऽऽ ऐकूनच मला जाग यायची. आमच्याकडं कोंबडा होता, पण तो काकूंच्या नंतर आरवायचा. नवरा लवकर गेलेला, घरात त्या आणि एकुलता एक दिगू. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आणि पक्का डावखुरा. जेवायचा तेवढा उजव्या हातानं, तेही काकूंच्या धाकानं. बाकी लिहिणं, कुऱ्हाड चालवणं, गोफण फिरवणं सगळं डाव्यानं. ज्वारीच्या माळ्यावर उभा राहून त्यानं सोडलेला गोटा उलट्या वळणानं जायचा आणि पाखरं चकायची. एकदा त्याच्या गोट्यानं जळकोटच्या रस्त्यावरून चाललेल्या एसटीचा भोंगा वाजला होता. (वाढवलं.) पण हे खरं आहे, की लांबच्या माणसाला बोलवायचं तर दिगू कधी ओरडायचा नाही. हात वर करायचा, रिकामी गोफण फिरवल्यासारखा डोक्यावर तीनदा फिरवायचा आणि सोडून द्यायचा. म्हणजे भाकरी आली, या.

मग तो मोठा दुष्काळ पडला. त्याचं वर्णन पुस्तकांत पुष्कळ झालंय, मी फक्त माझ्या जिभेपुरतं सांगतो. अमेरिकेतनं आलेली लाल मिलो ज्वारी खाल्ली आम्ही. तिची भाकरी तव्यावरच खापरीसारखी तडकायची. अख्खं गाव पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला. दिवसभर एक हजार हातोडे, बरं, दोनशे हातोडे, ठक् ठक् ठक्. घरी येऊन आडवं झालं तरी डोक्यात चालू असायचे. दुपारी सुकडी मिळायची, गोडसर, भाजल्या पिठाची, टाळ्याला चिकटणारी. ती गिळायला पाणी लागायचं आणि पाणीच तर नव्हतं. दिगू आणि मी शेजारी शेजारी बसायचो. त्याचा ढीग माझ्या दुप्पट व्हायचा, आणि मुकादम यायच्या आधी तो गुपचूप त्यातली खडी माझ्या ढिगावर सरकवायचा. त्याच्या बदल्यात मी त्याला समुद्र सांगायचो.

मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. समुद्र सोडा, त्या साली मी भरलेली घागर पाहिली नव्हती. पण सांगायला काय लागतं? मी म्हणालो, परदेशात एक बंदर आहे. तिथल्या बाजारात मासे विकणारे मासे गिऱ्हाइकाच्या अंगावर फेकतात, झेलेल त्याचा मासा. दिगू म्हणाला, "आन् चुकला तर?" म्हटलं, चुकला तर थोबाडीत. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तिथं पाण्याच्या खालून रस्ता आहे. वरनं जहाज चाललेलं असतं आणि त्याच वेळी खालनं बैलगाडी. तो हातोडा थांबवून म्हणाला, "खालच्याच्या डोक्यावर गळत न्हाय?" म्हटलं, एक थेंब नाही. तिसऱ्या दिवशी मी फारच सुटलो. म्हटलं, त्या बंदरावरनं जहाज निघालं की काठावरचे लोक त्या जहाजाच्या गावचं गाणं वाजवतात, म्हणजे त्याला परकं वाटू नये. यावर दिगूनं आणखी चार दगड फोडले. मग म्हणाला, "आपलं जहाज आसंल तर कंचं वाजवतील रं?"

"आपली हलगी वाजवतील की."

"व्हय?" म्हणाला, आणि खडीकडं असं बघत राहिला की जणू त्या ढिगातनंच हलगी ऐकू येतेय. आपण दोघं जाऊ, असंही मी म्हणालो होतो. ते मी किती सहज म्हणालो, हे आजही आठवतं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, दिवेलागणीला भिंतीपलीकडं घागर पडली. काकू ती दोन कोसांवरनं, विहिरीच्या तळातनं वाटीवाटीनं भरून आणायच्या. घागर पडली, मग फुंकणी खणकन वाजली, आणि मग काहीच नाही. माझी आई म्हणाली, "पाणी सांडलं वाटतं गोदाचं," आणि आम्ही सगळे कुणी गेल्यासारखे गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे फूऽऽ फूऽऽ ऐकू आली नाही. दिगू खडीच्या ट्रकवर बसून निघून गेला होता. मला न सांगता, मला न घेता. तीन महिन्यांनी मुंबईहून एक कार्ड आलं. जहाजावर काम लागलं, काळजी करू नये, आईस दंडवत. अक्षर दिगूचं नव्हतं. त्यावरून गावानं हवे तेवढे तर्क केले. त्यानंतर काहीच आलं नाही. काकूंनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. देवळीतनं कोरड्यास येत राहिलं, आणि मी ते खात राहिलो.

आमच्याकडं रीत अशी आहे, की परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट पाहायची. बारा वर्षांत काही कळलं नाही तर कणकेचा पुतळा करायचा, त्याला सरणावर ठेवायचं आणि दहावं-तेरावं उरकून मोकळं व्हायचं. एकदा हे झालं की तो माणूस सगळ्यांच्या लेखी गेला. त्याचं नाव घेताना कैलासवासी म्हणायचं. पुढं तो वेशीत येऊन उभा राहिला तरी त्याला घरात घेताना माणसं कचरतात. दिगूची बारा वर्षं भरत आली, तेव्हा काकूंचे दीर तात्या रोज ओट्यावर येऊन बसायला लागले. माणूस वाईट नव्हता. "वहिनी, प्वार मेलं आसंल तर तिकडं भटकत राहील वो," म्हणायचे, "त्याला तरी सोडवा." काकू म्हणायच्या, "आन् जित्ता आसंल तर?" तात्या उठून जायचे आणि दुसऱ्या दिवशी परत यायचे.

त्याच सुमारास माझी परदेशवारी निघाली. आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. पाऊस नव्हता, ऊस नव्हता, पण कारखाना हवा होता. जर्मनीतली यंत्रं बघायला चेअरमन आणि दोन संचालक निघाले. मी कारखान्याच्या कचेरीत नवा चिकटलेला. चेअरमनना सगळे आप्पा म्हणत. आप्पांनी विचारलं, "जर्मन भाषा कुणाला येती का रे?" मी म्हणालो, "मला येती की." एवढ्यावर माझा पासपोर्ट निघाला. पुढं तिकडं गेल्यावर मी इंग्रजीच घसा खरवडून बोलायचो, आणि आप्पा संचालकांना कौतुकानं म्हणायचे, "बगा, कसं मातृभाषेवानी बोलतंय."

निघायच्या आदल्या दिवशी देवळीतनं एक पुरचुंडी आली. जुन्या लुगड्याच्या पट्टीत घट्ट बांधलेली कारळाची चटणी.

"दिगूला दे," पलीकडनं काकू म्हणाल्या.

"काकू, परदेश केवढा मोठा असतो. तो कुठं, मी कुठं."

"बंदराच्या गावाला चाललास न्हवं? त्योबी बंदरातच आसंल. बेंबळीच्या बाजारात चार गावची मानसं आसत्यात, तरी गाठ पडतीच की." मग जरा थांबून म्हणाल्या, "तात्याला सांगितलंय म्या. वसंता येस्तवर थांबा. त्यानं काय सांगावा आनला तर पुतळा न्हाय. न्हाय आनला तर करा तुमच्या मनासारकं."

म्हणजे दिगू जिवंत राहणार का मरणार, हे आता माझ्यावर आलं होतं. गावातल्या सगळ्यात खोटारड्या माणसावर.

हँबर्गला पोचलो. चार दिवस यंत्रं बघितली, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही. आमचे एक संचालक प्रत्येक यंत्राला हात लावून नमस्कार करायचे, तेवढंच. शेवटच्या दिवशी रविवार होता. यंत्रवाल्यांनी शहर दाखवायला एक उंच, हसऱ्या बाई दिल्या. रात्री परतीचं विमान होतं. चटणी मी कोटाच्या खिशात घेतली होती, काकूंना सांगता यावं म्हणून, की सगळीकडं फिरवली.

सकाळी सकाळी बाईंनी आम्हाला नदीकाठच्या मासळी बाजारात नेलं. गार वारा, धुकं, आणि त्यात गाड्यांवर उभे राहून बेंबीच्या देठापासून ओरडणारे विक्रेते. मी गर्दीत शिरलो, आणि समोरच्या लालबुंद माणसानं एक धुरावलेला मासा उचलून गर्दीत भिरकावला. एका म्हातारीनं तो झेलला. लोक हसले. त्यानं दुसरा फेकला. आप्पा म्हणाले, "आयला, हे तर मासे फेकून मारायलेत." माझ्या कानात ठक् ठक् सुरू झालं होतं.

योगायोग असेल, म्हटलं. मासे कुठंही फेकत असतील. तिथनं बाईंनी आम्हाला एका घुमटाच्या इमारतीत नेलं. आत लाकडी पाळण्यांत मोटारी उभ्या करून खाली सोडत होते. आम्हीही उतरलो. खाली पांढऱ्या फरश्यांचा लांबच लांब बोगदा. बाई वर बोट दाखवून म्हणाल्या, आता आपल्या डोक्यावर नदी आहे, आणि नदीत जहाजं. मी आप्पांना ते मराठीत सांगितलं. आप्पा छताकडं बघत म्हणाले, "वसंता, विचार त्यांना, गळत न्हाय का कुठं?"

मी भिंतीला हात लावला. कोरडी होती. एक थेंब नाही.

भीती मी पुष्कळ पाहिली आहे आणि पुष्कळ वाढवून सांगितली आहे. ही भीती वेगळी. आपण पोरपणी तोंडाला येईल ते बोललो, आणि कुणीतरी लांब बसून ते सगळं बांधून ठेवलं. आता एकेक दार उघडून दाखवतंय, असं वाटत होतं. वर आल्यावर मी बाईंना म्हणालो, बास, आता परत जाऊ. त्या म्हणाल्या, छे, खरी गंमत तर पुढंच आहे. मोटारीनं तासभर नदीच्या काठाकाठानं नेलं. पाणी वाढत गेलं, पलीकडचा काठ धूसर झाला. एका उपाहारगृहापाशी उंच निशाणकाठी आणि कर्णे लावलेले. लोक कॉफी पीत बसलेले. बाई कौतुकानं सांगू लागल्या, की इथून जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला आम्ही त्याच्या देशाचं गाणं वाजवतो. मला माहीत होतं त्या काय सांगणार ते. मी शब्द न् शब्द त्यांच्या आधी मनात म्हणत होतो.

तीन जहाजं गेली, तीन अनोळखी गाणी वाजली. मग बंदराकडून एक काळं, गंजलेलं मालवाहू जहाज समुद्राच्या दिशेनं आलं. त्याच्या मागच्या टोकाला तिरंगा होता. कर्ण्यातनं 'जन गण मन' सुरू झालं. आप्पा खुर्ची मागं ढकलून ताठ उभे राहिले, दोन्ही संचालक उभे राहिले, मीही राहिलो. हलगी नव्हती, पण माझ्या छातीत जे वाजत होतं ते हलगीपेक्षा निराळं नव्हतं. जहाज काठापासून शंभर पावलांवर होतं. नाही, खरं सांगायचं ठरलंय: चांगली दोन शेतं मध्ये बसतील एवढं लांब. कठड्याशी निळ्या कपड्यांतला एक माणूस आमच्याकडं तोंड करून उभा होता. चेहरा दिसत नव्हता. गाणं संपत आलं तेव्हा त्यानं हात वर केला, डोक्यावर फिरवला, एकदा, दोनदा, तीनदा, आणि सोडून दिला.

मी खिशातनं पुरचुंडी काढली, पट्टीचं टोक धरलं, गोफणीसारखी गरगरा फिरवली आणि सोडली. ती काठापासून वीस पावलांवर पाण्यात पडली.

"आरं, काय टाकलंस?" आप्पा.

"चटणी."

आप्पांनी माझ्याकडं, मग पाण्याकडं पाहिलं आणि टोपी नीट केली. मी बाईंना म्हणालो, जहाज थांबवा. त्यांनी समजुतीनं मान हलवली. ते आता समुद्रावर गेलं, म्हणाल्या. जहाजाचं नाव लिहून घेतलं मी. पुढं त्याच्या मालकांना चार पत्रं घातली, त्यातल्या एकाचंही उत्तर आलं नाही. दिगू कुठल्या नावानं राहत होता कुणास ठाऊक, तो होता तरी का.

कारण एक गोष्ट जुळत नव्हती. सगळं बरोबर होतं, फिरवणं, तीनदा, सोडणं. पण त्या माणसानं वर केला होता तो निशाणाकडचा हात. परतीच्या विमानात मी डोळे मिटून दहादा जहाज समोरनं नेलं. तोंड समुद्राकडं, म्हणजे आमच्या उजव्या अंगाला, निशाण मागं, माणूस आमच्याकडं बघतोय. निशाणाकडचा म्हणजे उजवा. दिगू डावखुरा. अख्ख्या गावाला माहीत होतं. एवढी एक खुट्टी सोडली तर सगळं घर उभं होतं, आणि खुट्टी ठोकणं हा तर माझा जन्माचा धंदा.

घरी पोचलो तेव्हा काकू आमच्या ओट्यावरच बसल्या होत्या. शेजारी तात्या. मी सगळं सांगितलं, मासे, बोगदा, गाणं. तात्या मिशीत हसत होते. काकू नव्हत्या हसत. जहाजावरच्या माणसानं हात फिरवला असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं.

"कंच्या हातानं?"

मी क्षणभरही थांबलो नाही. "डाव्या," म्हटलं. "डाव्याच की, काकू. दुसरा कुठला असेल?"

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरनं काहीतरी उतरून गेलं, अंगणातनं ऊन उतरतं तसं. "बरं," म्हणाल्या, आणि उठून घरात गेल्या.

संध्याकाळी देवळीतनं आवाज आला. "वसंता, हाईस का रं?" मी चुलीपाशी जाऊन बसलो. पलीकडं अंधारात त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त विस्तवाचा उजेड.

"त्यो गेला त्याच्या आदल्या दिशी घागर सांडली त्यानं. तुझ्या त्या बंदराचं सांगत हुता मला, हात फिरवू फिरवू. हात लागला आन् घागर पडली. दोन कोसाचं पानी, वसंता. म्या फुकणी उचलली आन् त्याच्या डाव्या हातावर हाणली. दोन बोटं लोंबाय लागली. त्याची मूठ जनमभर वळायची न्हाय, हे मला तवाच कळलं. लुगड्याची पट्टी फाडून बांधली म्या. सकाळी बगती तर न्हाय. बारा वर्सं कुणाला बोलली न्हाय म्या हे. त्यो डाव्या हातानं कशी फिरवंल रं गोफन?"

मला ते कार्ड आठवलं. त्यातलं ते परकं, वेडंवाकडं अक्षर.

"काकू," मी म्हणालो, "उजवा होता. शपथ घेतो, उजवाच होता. डावा मी जोडला. तुम्हाला पटावं म्हणून जोडला."

पलीकडं त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग त्या अगदी मऊपणानं म्हणाल्या, "आता मी सांगितल्यावर उजवा झाला व्हय रं?"

मी देवळीत तोंड घालून बोलत राहिलो. निशाण कुठं होतं, जहाजाचं तोंड कुठं होतं. भाकरीच्या काठवटीवर कोळशानं चित्र काढून दाखवलं. त्या ऐकत होत्या, की ऐकतायत असं मला वाटत होतं. शेवटी म्हणाल्या, "तू चांगला हाईस. माझ्यासाटी बोलतुस. पन मला आता खोटं नगं, वसंता. जा, जेव."

अवसेला पुतळा झाला. कणीक काकूंनीच मळली, कुणाला हात लावू दिला नाही. तात्यांबरोबर तिरडीला खांदा द्यायला मी होतो. ओढ्यावर वरचं कापड बाजूला केलं तेव्हा मी पाहिलं, डाव्या हाताची दोन बोटं काकूंनी मागं मोडून ठेवली होती, आणि त्यांवर लुगड्याची बारीकशी पट्टी गुंडाळली होती. माझी पुरचुंडी बांधली होती त्याच लुगड्याची. तात्यांना वाटलं कणीक नीट बसली नाही; ते बोटं सरळ करायला वाकले. मी त्यांचा हात धरला.

काकू त्यानंतर अकरा वर्षं जगल्या. देवळीतनं कोरड्यास येत राहिलं, पण कारळाची चटणी पुन्हा कधी आली नाही. आता ते घरही नाही, भिंतही नाही. नातवंडं मला जर्मनीची गोष्ट सांगायला लावतात. मी मासे फेकतो, नदीच्या पोटातनं बैलगाडी नेतो, हलगी वाजवतो, सगळं वाढवून सांगतो. जहाजावरच्या माणसापाशी आलो की हात वर करतो आणि तीनदा फिरवतो. उजवाच. कुठला हात, असं विचारणारं आता कुणी उरलेलं नाही.